केळ्यांची घरगुती साठवण आणि नासलेपणाची पारख : एक विवेचन

प्रस्तावना :

वर्षाचे बाराही महिने महाराष्ट्रातील सर्वसामान्य कुटुंबात येणारी फळे फार थोडी आहेत. आंबा ऋतूपुरता येतो आणि संत्री-मोसंबीचे बहर ठरलेले असतात. केळे मात्र एकादशीच्या फराळात असते, सत्यनारायणाच्या प्रसादाच्या शिऱ्यात असते, तान्ह्या मुलाच्या पहिल्या घासात आणि आजाऱ्याच्या पथ्यातही असते. केळ्यांच्या उत्पादनात भारत जगात पहिल्या क्रमांकावर आहे. महाराष्ट्रात जळगाव जिल्ह्यातील रावेर, यावल, मुक्ताईनगर, चोपडा या तालुक्यांचा तापीकाठचा पट्टा केळीबागांसाठी प्रसिद्ध असून जळगावच्या केळ्यांना २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही प्राप्त झाले आहे. केळीची लागवड, खतव्यवस्थापन, करपा रोगाचे नियंत्रण यांविषयी कृषिसाहित्यात पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु डझनभर केळी घरात आल्यानंतर त्यांचे काय करावे, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे असे सहसा कोणास वाटत नाही. परिणामी तो सवयीवर आणि ऐकीव माहितीवर सोडला जातो.

या सवयीची किंमत दोन प्रकारे मोजावी लागते. सालीवर काळे ठिपके दिसताच खाण्यास सर्वथा योग्य असलेली केळी टाकून दिली जातात. याउलट, वरून पिवळीधमक दिसणारी, परंतु देठाकडून कुजू लागलेली केळी निःशंकपणे लहान मुलांच्या हाती दिली जातात. दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे. केळ्याची पारख केवळ सालीच्या रंगावरून केली जाते. आणि रंग हा अनेक परिस्थितींत दिशाभूल करणारा ठरतो. प्रस्तुत लेखात केळे पिकण्याची प्रक्रिया, घरगुती साठवणीमागील कारणमीमांसा आणि नासलेले केळे ओळखण्याची लक्षणे यांचे विवेचन याच दृष्टीने केले आहे.

पिकणे ही सजीव क्रिया :

घडापासून वेगळे केलेले केळे मृत झालेले नसते. त्याच्या पेशी प्राणवायू घेतात, कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतात आणि उष्णता निर्माण करतात. थोडक्यात, ते श्वसन करीत असते. पिकण्याच्या सुमारास या श्वसनाचा वेग एकाएकी वाढतो. अशा फळांना वनस्पतिशास्त्रात ‘क्लायमॅक्टेरिक’ फळे म्हणतात. केळे, आंबा, पपई, चिकू, सफरचंद, टोमॅटो ही या गटातील परिचित उदाहरणे होत. संत्रे, द्राक्ष किंवा डाळिंब या गटात मोडत नाही. म्हणूनच आंबट द्राक्षे घरात ठेवून गोड होत नाहीत, हिरवी केळी मात्र होतात.

या बदलास चालना देणारे संप्रेरक म्हणजे इथिलीन हा वायू. त्याचा शोध ज्या वाटांनी लागला, त्यांपैकी एक वाट केळ्यांच्या व्यापारातून जाते. १९१० मध्ये जमैका बेटावरील कृषिखात्याच्या अहवालात एच. एच. कझिन्स यांनी अशी सूचना केली होती की, जहाजावर संत्री आणि केळी एकत्र ठेवू नयेत, कारण संत्र्यांतून निघणाऱ्या कसल्याशा वायूमुळे केळी अकाली पिकतात. निरीक्षण अचूक होते. परंतु निरोगी संत्रे इथिलीन अत्यल्प प्रमाणात सोडते, हे पुढे स्पष्ट झाले. त्या पेट्यांतील काही संत्र्यांना बुरशी लागलेली असावी आणि वायूचा उगम त्या बुरशीत असावा, असे आज मानले जाते. पुढे १९३४ मध्ये इंग्लंडमधील आर. गेन यांनी पिकणारी सफरचंदे स्वतःच इथिलीन निर्माण करतात, हे रासायनिक पुराव्याने सिद्ध केले. फळांच्या टोपलीत एक सडके लिंबू किंवा संत्रे राहून गेले तर शेजारची केळी का झपाट्याने पिकतात, याचे उत्तर जमैकातील त्या जुन्या निरीक्षणात सापडते.

इथिलीनचा विशेष असा की, ते ज्या फळात निर्माण होते, त्या फळास आणखी इथिलीन निर्माण करण्यास प्रवृत्त करते. त्यामुळे पिकण्याची क्रिया एकदा सुरू झाली की ती थांबविता येत नाही. तिचा वेग तेवढा कमी-अधिक करता येतो. घरगुती साठवणीचे सर्व उपाय या एका मर्यादेच्या आत राहूनच करावयाचे असतात.

पिकताना फळाच्या अंतरंगात अनेक बदल समांतरपणे घडतात. हिरव्या केळ्याच्या गरात वजनाच्या सुमारे २० टक्के किंवा त्याहून अधिक स्टार्च असतो. पूर्ण पिकलेल्या केळ्यात तो एक-दोन टक्क्यांवर येतो आणि त्याची जागा साखर घेते. पेशींना सांधून ठेवणारे पेक्टिन विरघळू लागते व गर मऊ होतो. कच्च्या केळ्याला तुरटपणा देणारी टॅनिन द्रव्ये परस्परांशी बांधली जाऊन जिभेला जाणवेनाशी होतात. आयसोअमाइल ॲसिटेट व तत्सम सुगंधी संयुगे तयार होऊन केळ्याचा ओळखीचा वास येतो. सालीतील हरितद्रव्य नाहीसे होते आणि मुळातच तेथे असलेला पिवळा रंग उघडा पडतो. म्हणजे पिवळेपणा हा या अनेक बदलांपैकी केवळ एक, आणि तोही सालीपुरता मर्यादित असलेला बदल आहे. साल आणि गर यांची घड्याळे बहुतेक वेळा बरोबर चालतात. ती नेहमीच बरोबर चालतात असे मात्र नाही.

रंग केव्हा फसवितो :

व्यापारात केळ्याच्या रंगाच्या सात पायऱ्या मानल्या जातात. पहिली पायरी पूर्ण हिरव्या सालीची, सहावी पूर्ण पिवळ्या सालीची आणि सातवी तपकिरी ठिपके पडलेल्या सालीची. नियंत्रित तापमानात पिकविलेल्या मालासाठी हे कोष्टक उपयुक्त आहे. घरातील तापमान मात्र नियंत्रित नसते.

पहिली फसवणूक उन्हाळ्यात होते. बसराई, श्रीमंती, ग्रँड नैन या कॅव्हेंडिश गटातील केळी साधारणतः २४ अंश सेल्सियसपेक्षा अधिक तापमानात पिकली तर सालीतील हरितद्रव्याचे विघटन अपुरे राहते. गराचे मऊ होणे मात्र उष्णतेमुळे उलट वेगाने होते. विदर्भ, खानदेश किंवा मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या पुढे जातो, तेव्हा घरी पिकत ठेवलेले केळे हिरवट दिसत असूनही आतून पिकून लिबलिबीत झालेले आढळते. गृहिणी ‘अजून कच्ची आहेत’ म्हणून ती आणखी दोन दिवस ठेवते आणि तिसऱ्या दिवशी सगळी फणी टाकावी लागते. येथे दोष केळ्याचा किंवा विक्रेत्याचा नसतो.

दुसरी फसवणूक थंडीत किंवा शीतकपाटात होते. केळे हे उष्ण प्रदेशातील फळ असल्याने सुमारे १३ अंशांखालील तापमान त्याच्या सालीला सोसत नाही. थंडीने सालीतील पेशींच्या पटलांना इजा होते, आतील फिनॉल वर्गातील द्रव्ये आणि पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे विकर एकमेकांच्या संपर्कात येतात आणि हवेतील प्राणवायूच्या साहाय्याने काळसर रंगद्रव्य तयार होते. कापलेले वांगे किंवा बटाटा काळा पडतो, त्याच जातीची ही क्रिया आहे. शीतकपाटात ठेवलेल्या पिकलेल्या केळ्याची साल दोन-तीन दिवसांत पूर्ण काळी होते. परंतु सोलून पाहिल्यास आतील गर बहुधा पांढराशुभ्र व घट्ट असतो. ‘फ्रिजमध्ये केळी नासतात’ हा सार्वत्रिक समज या काळ्या सालीतूनच जन्मला आहे. तो निम्मा चूक आहे. निम्मा अशासाठी की, कच्चे केळे फ्रिजमध्ये ठेवल्यास ते खरोखरच बिघडते. त्याची पिकण्याची यंत्रणाच दुखावते, साल राखाडी होते, गर कडक व पिठूळ राहतो आणि नंतर बाहेर काढून ठेवले तरी ते नीट पिकत नाही.

तिसरी बाब ठिपक्यांची. पिकलेल्या सालीवर उठणारे बारीक तपकिरी ठिपके ही सामान्यतः सालीच्या वार्धक्याची खूण असते. या अवस्थेत केळे सर्वाधिक गोड आणि सुवासिक असते. शिकरण करणारी जुनी पिढी ठिपक्याची केळी मुद्दाम निवडते. आज मात्र ठिपके पडलेली फणी हातगाडीवाल्यास संध्याकाळी निम्म्या भावात काढावी लागते. ग्राहकाचे अज्ञान विक्रेत्याच्या खिशातून कसे वसूल होते, याचे हे लहानसे उदाहरण मानता येईल.

घरातील साठवण :

साठवणीची सुरुवात खरेदीपासून होते. चार माणसांच्या कुटुंबाने एक डझन केळी घेताना सर्व केळी एकाच पायरीवरची घेऊ नयेत. अर्धा डझन पिवळी आणि अर्धा डझन हिरवट देठाची घेतल्यास शेवटची केळी संपेपर्यंत पहिली नासत नाहीत. हा उपाय इतका साधा आहे की तो सुचविण्याची गरज वाटू नये. तथापि बहुसंख्य ग्राहक एकसारख्या पिवळ्या फणीचाच आग्रह धरतात आणि चौथ्या दिवशी सर्व केळी एकदम पिकून गेल्याची तक्रार करतात. सणासुदीला तर निवडीला वावच राहत नाही. गणपतीत किंवा पूजेच्या दिवशी येणारा प्रत्येक पाहुणा केळी घेऊन येतो आणि संध्याकाळपर्यंत देवघरात चार फण्या एकावर एक रचल्या जातात. उदबत्तीच्या धुरात, समईच्या उष्णतेजवळ आणि एकमेकींच्या इथिलीनमध्ये त्या रात्रभर राहतात. त्या त्याच दिवशी वेगळ्या करून हवेशीर जागी ठेवल्या, तरी दोन दिवसांचा अवधी सहज मिळतो.

तापमान हा साठवणीतील सर्वांत प्रभावी घटक होय. तापमान १० अंशांनी वाढले की फळाच्या श्वसनाचा वेग साधारणपणे दोन ते तीन पट होतो. शीतगृहात हिरवी केळी १३ ते १४ अंश तापमानात आणि ९० ते ९५ टक्के सापेक्ष आर्द्रतेत ठेवतात. घरात एवढी सोय असणे शक्य नाही. परंतु स्वयंपाकघरातील गॅसच्या शेगडीजवळची फळी आणि घराच्या उत्तरेकडील सावलीची खोली यांत उन्हाळ्यात काही अंशांचा फरक सहज असतो. केळी फ्रिजच्या वर ठेवण्याची अनेक घरांत रूढ असलेली पद्धत विशेषच अयोग्य आहे, कारण फ्रिज आतील उष्णता बाहेर टाकतो आणि त्याच्या माथ्यावरील व मागील हवा खोलीतील हवेपेक्षा गरम असते. जुन्या घरांतून माजघरासारख्या अंधाऱ्या, गार खोलीत घड आढ्याला टांगून ठेवीत. त्यात सोय होती तसे शास्त्रही होते. टांगलेल्या घडाभोवती हवा खेळती राहते, इथिलीन साचत नाही आणि केळ्यांवर परस्परांचा भार पडत नाही. आज टांगण्याचे आकडे बाजारात मिळतात. ते नसल्यास फणी पालथी, म्हणजे कमानीचा भाग वर येईल अशी ठेवावी. सपाट पृष्ठभागावर आडवी ठेवलेली फणी ज्या बाजूवर टेकते, तेथेच प्रथम काळी पडते.

इजा टाळणे हे तापमानाखालोखाल महत्त्वाचे आहे. दाबले गेलेले केळे त्या जागी काळवंडते. शिवाय जखमी पेशी अधिक इथिलीन निर्माण करतात आणि त्यामुळे संपूर्ण फळ लवकर पिकते. भाजीच्या पिशवीत तळाशी केळी आणि वर बटाटे, ही रचना आठवडी बाजारातून परतणाऱ्या अनेक पिशव्यांत दिसते. तसेच फणीतून केळे पिळून तोडल्यास मानेजवळची साल फाटते व तेथून जंतूंचा शिरकाव होतो. केळी सुटी करावयाचीच असतील तर ती सुरीने, फणीच्या बुंध्याचा लहानसा भाग प्रत्येक केळ्यास राहील अशा रीतीने कापावीत.

अलीकडे फणीचा बुंधा प्लास्टिकच्या पातळ कागदाने गुंडाळण्याचा उपाय फार सांगितला जातो. इथिलीन बुंध्यातून बाहेर पडते आणि गुंडाळल्याने ते अडते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. हे स्पष्टीकरण तपासून घेण्याजोगे आहे. इथिलीन केळ्याच्या साल व गर या सर्व भागांत निर्माण होते; त्यामुळे बुंधा झाकून पिकणे थांबेल अशी अपेक्षा करता येत नाही. कापलेल्या भागातून होणारे बाष्पीभवन कमी होऊन थोडासा लाभ होत असेल, तो तेवढाच. याउलट संपूर्ण फणी प्लास्टिकच्या बंद पिशवीत ठेवणे हानिकारक ठरते. आत श्वसनाचे बाष्प जमते, सालीवर पाणी सुटते, प्राणवायू घटतो, आणि बुरशी व आंबणे या दोहोंस अनुकूल परिस्थिती तयार होते. बाजारातून प्लास्टिकच्या पिशवीत आणलेली केळी घरी येताच बाहेर काढावीत.

केळी लवकर पिकवावयाची असल्यास हेच तत्त्व उलट वापरता येते. कागदाच्या पिशवीत किंवा धान्याच्या डब्यात एखाद्या पिकलेल्या केळ्याबरोबर अथवा सफरचंदाबरोबर कच्ची केळी ठेवली की ती दोन-तीन दिवसांत पिकतात. तांदळाच्या कणगीत केळी पुरून ठेवण्याची कोकणातील रीत, बंद खोलीत धुरी देण्याची जुनी व्यापारी पद्धत आणि आंब्याची अढी यांमागे इथिलीन किंवा तत्सम वायू कोंडून धरण्याचाच व्यवहार आहे.

पूर्ण पिकलेली केळी ताबडतोब खाल्ली जाणार नसतील तर ती फ्रिजमध्ये ठेवावीत. साल काळी होईल हे गृहीत धरावे. गर चार ते सहा दिवस चांगला राहतो. त्याहून अधिक काळासाठी केळी सोलून, तुकडे करून, घट्ट झाकणाच्या डब्यात बर्फाच्या कप्प्यात ठेवता येतात. सालीसकट गोठविलेले केळे नंतर सोलणे अत्यंत जिकिरीचे होते. अशी गोठविलेली केळी नुसती खाण्यास रुचकर लागत नाहीत, परंतु दोन-तीन महिने घारगे, मालपुवे, केक यांसाठी उपयोगी पडतात.

सर्व जातींना एकच नियम लागू करता येत नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे. सफेद वेलची या जातीच्या केळ्यांची साल कागदासारखी पातळ असते आणि पिकल्यावर ती फणीपासून सहज गळून पडतात. गळणे हे येथे नासल्याचे लक्षण नाही. मात्र पातळ सालीमुळे त्यांना इजा लवकर होते. राजेळी केळे याच्या अगदी उलट. त्याची जाड साल बरीच काळी पडल्याखेरीज आतील गर पुरेसा गोड होत नाही आणि ते बहुधा शिजवूनच खातात. वसई परिसरात, विशेषतः आगाशी भागात, राजेळी केळी सोलून उन्हात वाळवून सुकेळी तयार करण्याची परंपरा आहे. ताजे केळे टिकत नाही म्हणून त्यातील पाणीच काढून घ्यावे, हा उपाय शीतकपाटाच्या कितीतरी आधीचा आहे.

नासलेले केळे कसे ओळखावे :

अतिपक्व होणे आणि नासणे यांत मूलभूत भेद आहे. अतिपक्वता ही फळाच्या स्वतःच्या पेशींची अवस्था असते. नासणे हे बाहेरून आलेल्या सूक्ष्मजीवांचे कार्य असते. पहिल्या अवस्थेतील केळे चवीला अधिक गोड व स्पर्शाला अधिक मऊ असते, पण ते अन्नच असते. दुसऱ्या अवस्थेतील केळे अन्न राहिलेले नसते. व्यवहारात एक अवस्था दुसरीकडे वाट मोकळी करून देते, कारण साखर वाढलेल्या व साल विरलेल्या फळात यीस्ट आणि बुरशी यांना शिरकाव सोपा होतो. म्हणूनच सीमारेषा ओळखण्यास डोळ्यांबरोबर नाक आणि बोटे यांचाही उपयोग करावा लागतो.

सर्वप्रथम पाहावयाची जागा म्हणजे फणीचा बुंधा. केळी कापताना तेथे ताजी जखम होते आणि वाहतुकीच्या काळात तिच्यात अनेक प्रकारच्या बुरशी रुजतात. बुंध्यावर पांढरट किंवा करडी लव दिसू लागते, बुंधा काळा व मऊ होतो आणि कूज हळूहळू केळ्याच्या मानेकडे सरकते. बाकी केळे या काळात पिवळे आणि आकर्षक असू शकते. लव केवळ बुंध्यावर असून माना घट्ट व कोरड्या असतील तर बुंधा कापून टाकून केळी त्याच दिवशी वापरता येतात. मान काळी, ओलसर होऊन दबत असेल तर ते केळे टाकावे. खरेदीच्या वेळी पिवळ्या रंगाऐवजी बुंध्याकडे पाहण्याची सवय लावून घेतल्यास निम्मी फसगत टळेल.

दुसरी जागा सालीवरील डागांची. वार्धक्याचे ठिपके बारीक, सपाट व कोरडे असतात. ‘कोलेटोट्रायकम म्युसी’ या बुरशीमुळे होणाऱ्या रोगाचे डाग मोठे, काळे आणि किंचित खोलगट असतात, एकमेकांत मिसळत जातात आणि दमट हवेत त्यांवर नारिंगी-गुलाबी छटेचे बीजाणूंचे पुंजके दिसतात. ही बुरशी अनेकदा बागेतच हिरव्या सालीत सुप्तावस्थेत शिरलेली असते आणि फळ पिकू लागले की जागी होते. आरंभी ती सालीपुरतीच राहते. सोलल्यावर डागाखालील गर पांढरा व घट्ट असेल तर हरकत नाही. तो तपकिरी, पाणचट व दुर्गंधीयुक्त असेल तर केळे टाकून द्यावे.

तिसरे लक्षण वासाचे. पिकलेल्या केळ्याचा वास गोड असतो. त्यात किंचित मद्यासारखी झाक येऊ लागली की किण्वन सुरू झाले असे समजावे. त्याचे पर्यवसान आंबूस, शिरक्यासारख्या वासात झाले असेल तर ते केळे खाऊ नये. टोपलीभोवती घोंगावणारी चिलटे हे या किण्वनाचे प्रामाणिक सूचक आहेत. ती अखंड सालीच्या केळ्याचे फारसे बिघडवू शकत नाहीत, परंतु फुटलेल्या सालीच्या फटीत अंडी घालतात. साल फुटून किती वेळ झाला हे ठाऊक नसेल, तर असे केळे टाकलेले बरे. कोंदट, मातकट असा बुरशीचा वास आल्यासही हाच निर्णय घ्यावा.

चौथी पारख सोलल्यानंतरची. गरावर एका जागी पडलेला तपकिरी डाग बहुधा माराचा असतो. तेवढा भाग काढून उरलेले केळे खाता येते. सर्व गर पारदर्शक, तपकिरी व पातळ होऊन पाणी सुटत असेल तर तो नासलेला होय. गराच्या मध्यभागी वरपासून खालपर्यंत काळी किंवा तांबूस-काळी रेघ दिसून तो भाग कडक अथवा चिकट लागत असेल, तर केळे वरून कितीही निर्दोष असो, ते खाऊ नये. मध्यभागातील बारीक काळसर कण मात्र न वाढलेल्या बियांचे अवशेष असतात. त्यांना किडीची अंडी समजून मुलांच्या हातातील केळे काढून घेण्याचे कारण नाही.

गरावर बुरशीची लव दिसल्यास तेवढा भाग कापून उरलेले खाण्याचा मोह टाळला पाहिजे. मऊ आणि पाणीदार पदार्थात बुरशीचे तंतू दिसणाऱ्या भागापलीकडे पसरलेले असतात. काही बुरशी विषारी द्रव्ये निर्माण करतात आणि त्यांतील अनेक द्रव्ये शिजविल्याने नष्ट होत नाहीत. ‘शिऱ्यात घातले की चालते’ हा युक्तिवाद अतिपक्व केळ्याला लागू आहे, बुरशी लागलेल्या केळ्याला नाही. वसतिगृहांच्या भोजनगृहांत व सामुदायिक प्रसादाच्या स्वयंपाकात, जेथे एकाच वेळी शेकडो केळी कुस्करली जातात, तेथे हा भेद पाळणे विशेष आवश्यक आहे. एक नासलेले केळे सर्व मिश्रणात मिसळले की ते पुन्हा वेगळे काढता येत नाही.

कार्बाइडचा प्रश्न :

केळ्यांच्या बिघाडाविषयी बोलताना कॅल्शियम कार्बाइडचा उल्लेख अटळ ठरतो. हवेतील आर्द्रतेशी संयोग होऊन कार्बाइडपासून ॲसिटिलीन वायू निर्माण होतो आणि तो इथिलीनप्रमाणेच, परंतु दुबळेपणाने, फळ पिकवितो. औद्योगिक कार्बाइडमध्ये आर्सेनिक व फॉस्फरस यांचे अंश असल्याने त्याचा वापर आरोग्यास घातक मानला जातो. फळे पिकविण्यासाठी कार्बाइड गॅस वापरण्यास अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांनी पूर्वीच मनाई केली होती आणि २०११ च्या अन्न सुरक्षा व मानके विनियमांनी ती कायम ठेवली आहे. इथिलीन वायूचा १०० पीपीएमपर्यंतचा नियंत्रित वापर मात्र अनुज्ञात आहे. आधुनिक पिकवणकक्षांत हीच पद्धत अवलंबिली जाते. त्यामुळे ‘कृत्रिमरीत्या पिकविलेली’ आणि ‘विषारी’ हे शब्द समानार्थी मानणे योग्य नाही. फळ स्वतः जो वायू निर्माण करते, तोच येथे बाहेरून दिलेला असतो.

हिरवा देठ आणि पिवळी साल दिसली म्हणजे केळे कार्बाइडने पिकविले आहे, अशी एक खूण सर्वत्र सांगितली जाते. ही खूण निर्णायक नाही. इथिलीनने वेगाने पिकविलेल्या केळ्यांतही देठ काही काळ हिरवा राहू शकतो. निश्चित निदान प्रयोगशाळेतच होते. ग्राहकाच्या हाती असलेला व्यवहार्य मार्ग म्हणजे थोडी कच्ची केळी घेऊन ती घरीच पिकविणे, सालीवर पांढरी भुकटी दिसणारा माल नाकारणे आणि केळी सोलण्यापूर्वी वाहत्या पाण्याने धुऊन पुसणे. धुणे खाण्याच्या वेळी करावे. धुऊन ओली ठेवलेली केळी बुरशीस आमंत्रण देतात.

पिकून गेलेल्या केळ्यांचा विनियोग :

वरील कसोट्यांवर उतरलेले, पण फार मऊ झालेले केळे पानात वाढण्याजोगे राहत नाही, तेव्हा ते शिजवून वापरण्याची मराठी स्वयंपाकाची परंपरा समृद्ध आहे. केळ्याचे घारगे, गुळातील हलवा, प्रसादाचा शिरा यांना मऊ केळेच हवे असते, कारण त्यात साखर अधिक व स्टार्च नगण्य असतो. याच कारणाने मधुमेहींनी अतिपक्व केळे टाळून किंचित घट्ट केळे, तेही मोजके, घ्यावे असे आहारतज्ज्ञ सुचवितात. शिकरण मात्र आयत्या वेळीच करावी. केळे कापताच विकरांच्या क्रियेने ते काळवंडू लागते, आणि दुधाशी मिसळलेले फळ उन्हाळ्यात दोन तासांपेक्षा अधिक काळ बाहेर राहिल्यास दोहोंपैकी कोणते आधी नासले हे सांगणेही कठीण होते. नुसत्या कापांना लिंबाचा रस चोळल्यास त्यातील आम्ल व क जीवनसत्त्व यांमुळे काळेपणा तासभर लांबतो. एवढ्यानंतरही जी केळी टाकावीच लागतील, ती व त्यांच्या साली ओल्या कचऱ्यात किंवा परसातील खतखड्ड्यात घालाव्यात. फळांच्या टोपलीशेजारच्या उघड्या डब्यात त्या पडून राहिल्या तर चिलटांचा आणि इथिलीनचा उगम तेथेच कायम राहतो आणि दुसऱ्या दिवशी आणलेली नवी फणी त्याच हवेत ठेवली जाते.